मातीची जबानी

निमगाव सावा हे जुन्नर तालुक्याच्या पूर्वेकडील एक बागाईत गाव. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे झाली, पाट वाहू लागले, आणि जुन्नर-आंबेगावच्या या पट्ट्यात जेथे पूर्वी बाजरी-मटकीवर भागवावे लागे तेथे ऊस, कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे आली. याच टापूत खोडदला प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. ताऱ्यांकडून येणारे अतिक्षीण संदेश टिपणाऱ्या या दुर्बिणीला यंत्रांच्या ठिणग्यांचा उपद्रव सोसत नाही. म्हणून तिच्या परिसरात कारखाना काढावयाचा तर राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची संमती लागते. दक्षिणेस खेड तालुक्यात चाकण आणि आग्नेयीस शिरूर तालुक्यात रांजणगाव येथे औद्योगिक वसाहती वाढत गेल्या, तरी हा मुलूख बराचसा धुराड्यांवाचून राहिला आहे. ताऱ्यांच्या निमित्ताने मातीची राखण झाली असे म्हणावयास हरकत नाही. ती राखण कोणी मुद्दाम योजिली नव्हती, हा भाग वेगळा.

आज आम्हांस बोलावयाचे आहे ते या मातीविषयी, आणि मातीत उतरणाऱ्या एका विशिष्ट जातीच्या विषाविषयी. शिसे, कॅडमियम, पारा, सोमल म्हणजे आर्सेनिक, आणि प्रमाणाबाहेर गेले तर तांबे, जस्त, निकेल, क्रोमियम हीसुद्धा. ही द्रव्ये कुजत नाहीत, जळत नाहीत, उन्हाने विरत नाहीत. शेणखताचे वर्षा-दोन वर्षांत मातीत रूपांतर होते. पडलेले शिसे मात्र नातवाच्या काळीही शिसेच असते. त्यांचे प्रमाण असते दहा लाख भागांत अमुक भाग असे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तीन टन माती भरली आणि तीत एक भाग कॅडमियम आहे असे कोणी म्हणाले, तर त्याचा अर्थ सबंध ट्रॉलीत तीन ग्रॅम; अर्धा-पाऊण चमचा मीठ भरेल इतके. हे तीन ग्रॅम हुडकून काढणे हीच मुळी एक विद्या आहे. परंतु ती विद्या हस्तगत झाल्यावरही एक प्रश्न शिल्लक उरतो, आणि आमच्या मते तोच मुख्य होय: सापडलेले तीन ग्रॅम मातीचे स्वतःचे की बाहेरून आलेले?

हा प्रश्न पहिल्यांदा शेतात उपस्थित झाला नाही. तो उपस्थित झाला स्मशानात, आणि त्याची हकीगत सांगण्यासारखी आहे.

१८३३ साली इंग्लंडमध्ये जॉन बोडल नावाच्या तरुणावर आजोबांस सोमल घातल्याचा आरोप आला. जेम्स मार्श या रसायनज्ञाने सोमल शोधून काढला, पण खटल्याच्या दिवशीपर्यंत तो पिवळा साका बिघडून गेला, पंचांस काही दिसेना, आणि आरोपी सुटला. मार्शला ते जिव्हारी लागले. त्याने खपून १८३६ साली अशी रीत काढली की जस्त आणि आम्ल यांच्या संयोगाने निघणारा वायू पेटवावा, ज्योतीवर थंड चिनी मातीची बशी धरावी, आणि सोमल असेल तर बशीवर काळा चकचकीत आरसा उमटावा. अगदी रतिभर सोमलसुद्धा या आरशातून सुटत नसे. पुढे १८४० साली फ्रान्समध्ये शार्ल लाफार्ज नावाचा एक गृहस्थ वारला आणि त्याची पत्नी मारी हिच्यावर तूल येथे खटला उभा राहिला. गावच्या रसायनज्ञांची मते एकमेकांशी जुळेनात. तेव्हा पॅरिसहून मातेओ ऑर्फिला यांस पाचारण करण्यात आले. ऑर्फिला हे विषविद्येतील त्या काळचे सर्वांत मोठे अधिकारी.

त्यांनी न्यायालयास सोमल सापडल्याचे सांगितले, यात नवल नाही. नवल आहे ते त्यांनी सोबत जे सांगितले त्यात. हा सोमल आमच्या बाटल्यांतील आम्लातून वा जस्तातून आलेला नाही, आणि शवपेटीभोवतीच्या मातीतूनही आलेला नाही, असे त्यांनी निक्षून सांगितले. कबरीभोवतीची माती त्यांनी वेगळी तपासली होती. त्यांस ठाऊक होते की काही स्मशानांच्या मातीत जात्याच सोमल असतो, आणि विरोधी पक्षाचा वकील नेमके हेच विचारणार. रास्पाई नावाचा दुसरा रसायनज्ञ, जो बचाव पक्षासाठी निघाला आणि निकालानंतर पोचला, तो म्हणे की पुरेसे खटपट केल्यास न्यायाधीशांच्या खुर्चीतूनही मी सोमल काढून दाखवीन. ही गोष्ट थट्टेची म्हणून सांगतात, परंतु तिच्यातला मुद्दा थट्टेचा नव्हे. मारीला जन्मठेप झाली. ती दोषी होती की नव्हती यावर पुढे ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. आम्हांस त्यात शिरावयाचे नाही. आमच्यापुरते एवढेच पुरे की सूक्ष्म विषाच्या मोजणीबरोबरच जागच्या मातीची साक्ष काढण्याची प्रथा जन्मास आली.

आता आपल्या देशावरील मातीकडे वळू. सह्याद्रीपासून विदर्भापर्यंत पसरलेला काळा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळून थंड झालेला लाव्हा, भूशास्त्रज्ञ ज्यास बेसाल्ट म्हणतात. आपली काळी जमीन ही त्या कातळाची लेक. या बेसाल्टात तांबे दहा लाख भागांत शंभराच्या पुढे, पुष्कळदा दोनशेच्या घरात असते. कर्नाटक-आंध्राकडील ग्रॅनाइटात ते दहा-वीस भाग सापडते. निकेल, क्रोमियम, व्हॅनेडियम यांचीही हीच तऱ्हा. कातळाच्या अंगी जे होते ते मातीत उतरले, त्यात माणसाचा काही हात नाही.

उलटपक्षी युरोपातील राष्ट्रांनी १९८६ साली गटारांचा गाळ शेतात टाकण्याविषयी एक संयुक्त आदेश काढला. त्यात गाळ घेणाऱ्या जमिनीतील तांब्याची मर्यादा ५० ते १४० भाग, निकेलची ३० ते ७५ भाग अशी ठरविली. त्या मर्यादा त्यांच्या जमिनीस धरून आहेत. त्या उचलून जुन्नरच्या जमिनीस लावल्या, तर कित्येक निष्पाप शेते, जेथे शिवाजीमहाराजांच्या जन्मापूर्वीपासून नांगर आणि शेणखत यांखेरीज काही गेले नाही, तीही आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहतील. आणि याच्या उलट प्रकार अधिक घातक: कॅडमियमसारखा धातू, जो आपल्या कातळात मुळातच अत्यल्प, तो दुप्पट-तिप्पट झाला तरी परक्या मर्यादेच्या आतच राहील, आणि कागदावर सर्व आलबेल दिसेल. निष्पापास शिक्षा व्हावी आणि चोर सुटावा, असा हा न्याय आहे.

परका आणि आपला हे ओळखता येते का? येते, आणि त्याचे जगभर गाजलेले उदाहरण जुन्नर तालुक्यातच आहे. कुकडीच्या काठी बोरी येथे नदीच्या गाळाच्या थरांत पांढुरक्या राखेचा एक थर आहे. १९८० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी तो जगापुढे आणला. ही राख चुलीची नव्हे, ज्वालामुखीची. भिंगाखाली पाहिल्यास काचेचे बारीक तुकडे दिसतात. आपल्या बेसाल्टाचा आणि या काचेचा काही संबंध नाही, दोहोंची कुळीच वेगळी. मग ती आली कोठून? त्या काचेतील सूक्ष्म धातूंचे प्रमाण मोजून पाहता ते सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीच्या राखेशी जुळले. समुद्र ओलांडून वाऱ्याने ती राख कुकडीकाठी आणून टाकली होती.

राख तोबाची हे ठरले, तरी कोणत्या स्फोटाची, यावर पंडितांत जुंपली. पहिल्या कालगणनेत ती १४ लाख वर्षांची ठरली, दुसरीत ६ लाख ७० हजारांची. आणि १९९५ साली काचेच्या रसायनावरून शेन, वेस्टगेट प्रभृतींनी ती सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या शेवटच्या महास्फोटाची असल्याचे प्रतिपादिले. जवळच अश्मयुगीन हातकुऱ्हाडी सापडल्यामुळे या वादास धार आली, कारण राखेचे वय बदलले की माणसाचेही बदलते. हा वाद पुरता शमलेला नाही. पण पाहण्यासारखे आहे ते असे की, हजारो वर्षांपूर्वी हजारो मैलांवरून आलेला परका कण आजही मातीत ओळखू येतो, कारण त्याच्या अंगची धातूंची ठेवण निराळी असते. रांजणगावची वा चाकणची धूळ ७५ हजार वर्षे जुनी नाही. तिची ओळख पटविणे अधिक सोपे असावयास हवे.

येथे एका गृहस्थाची आठवण काढणे प्राप्त आहे. डॉ. हॅरॉल्ड मॅन हे इंग्रज रसायनज्ञ १९०७ साली पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि पुढे मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक. रसायनज्ञ असून त्यांस माणसांचे कुतूहल मोठे. त्यांनी पुण्याजवळचे पिंपळे सौदागर हे गाव निवडले आणि तेथील जमीन, विहिरी, पिके, धारणक्षेत्रे, कर्जे यांची अशी बारीक पाहणी केली की १९१७ साली निघालेले ते पुस्तक ग्रामीण अर्थशास्त्रात आजही प्रमाण मानतात. १७७१ साली सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते, ते १९१४-१५ साली ७ एकरांवर आले, हा आकडा मॅन यांनी जुनी दप्तरे चाळून काढला. पुढे १९२१ साली ना. वि. कानिटकर यांच्यासह त्यांनी शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची तशीच पाहणी प्रसिद्ध केली.

मॅनसाहेबांची रीत पाहा. आज काय आहे एवढे सांगून ते थांबत नाहीत. पेशवाईतील दप्तर उघडून आधी काय होते ते विचारतात. जमिनीच्या तुकड्यांना हा न्याय त्यांनी लावला. जमिनीतल्या शिशाला वा कॅडमियमला लावण्याचे साधन त्या काळी त्यांच्या हाती नव्हते. आणि १९५४ नंतर काय झाले ते पुणेकरांस ठाऊक आहे. पिंपरीला सरकारी पेनिसिलिनचा कारखाना आला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पिंपरी-चिंचवडच्या माळावर कारखान्यांची रांग लागली. पिंपळे सौदागरच्या शेतांवर आता बहुमजली इमारती उभ्या आहेत. त्या गावच्या शेतकऱ्याचे १९१५ सालचे कर्ज रुपया-आण्यांत सांगता येते. त्याच्या मळ्यात तेव्हा शिसे किती होते हे सांगता येत नाही. जातेगाव तर रांजणगावच्याच तालुक्यातले.

मॅन १९२७ च्या सुमारास हिंदुस्थान सोडून गेले आणि इंग्लंडात वोबर्न येथील शेती प्रयोगकेंद्रावर रुजू झाले. तेथे वयाची ऐंशी उलटल्यावरही ते काम करीत होते. ते तेथे असतानाच, १९४२ साली, वोबर्नच्या वाळसर जमिनीवर एक प्रयोग सुरू झाला. युद्धाचे दिवस होते, शेणखताची चणचण होती. तेव्हा शहराच्या गटारांचा गाळ भाजीपाल्याच्या जमिनीत घालून तिचा कस वाढतो का, हे पाहावयाचे होते. गाळ १९६१ पर्यंत घातला गेला. शिसे-कॅडमियमचा विचारही कोणाच्या मनात नव्हता. परंतु तेथे एक चांगली खोड होती: प्रत्येक काही वर्षांनी वाफ्यांची माती काढून, सुकवून, बाटलीत भरून, चिठ्ठी लावून ठेवीत.

ही खोड रॉथमस्टेडची. वोबर्नचा कारभार ज्या रॉथमस्टेड संस्थेकडे आला, तिचे संस्थापक जॉन लॉज यांनी १८४२ साली सुपर फॉस्फेटचे पेटंट घेतले आणि १८४३ साली ब्रॉडबाल्क या शेतात गव्हावरील प्रयोग मांडला, तो अद्याप चालू आहे. त्यांचे सहकारी गिल्बर्ट काहीही फेकून देत नसत. धान्य, पेंढा, माती, सर्व बाटल्यांत. पाहुण्यांस ते वेड वाटे. सुमारे १४० वर्षांनी, १९८० च्या दशकात, केव्हिन जोन्स आणि त्यांचे सहकारी यांनी त्या बाटल्या उघडल्या आणि नव्या यंत्रांनी कॅडमियम मोजले. १८५० च्या आसपासच्या मातीपेक्षा ते २७ ते ५५ टक्क्यांनी वाढलेले निघाले. सुपर फॉस्फेटच्या खडकात कॅडमियम असते हे ठाऊक असल्याने खताच्या वाफ्यांतली वाढ समजण्यासारखी होती. पण ज्या वाफ्यास दीड शतकात कधी कसले खत दाखविले नाही, तेथेही ती होती. म्हणजे ते आकाशातून आले होते, कोळशाच्या धुराबरोबर आणि धातूंच्या भट्ट्यांबरोबर. जुनी बाटली नसती तर कोणास हे सिद्ध करता आले नसते, कारण आजचा आकडा एकटा पाहिला तर तो अगदी साधा, कोणाच्याही डोळ्यांवर न येणारा आहे.

वोबर्नच्या बाटल्यांनी याहून कडू गोष्ट सांगितली. गाळ घालणे थांबून वीस-पंचवीस वर्षे झाली तरी त्यातील जस्त, तांबे, कॅडमियम यांचा फार मोठा भाग नांगराच्या थरातच बसलेला आढळला. सेंद्रिय द्रव्य, ज्यासाठी गाळ घातला ते, झिजत गेले, धातू राहिले. आणि तेथील क्लोव्हरच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी बांधणारे जंतू निकामी झाल्याचे १९८८ साली मॅकग्राथ, ब्रुक्स आणि गिलर यांनी दाखविले. वर पीक हिरवे, खाली कामगार मेलेले.

बाटल्या जपल्या तरी त्यातले मोजणारे हात स्वच्छ हवेत. या बाबतीत क्लेअर पॅटरसन या अमेरिकन शास्त्रज्ञाची कथा विसरता येत नाही. उल्केतील शिशावरून पृथ्वीचे वय काढावे या उद्योगात तो होता, आणि १९५६ साली त्याने ते ४५५ कोटी वर्षे असे पक्के केले. पण वाटेत काही वर्षे त्याचे आकडे जुळेनात. प्रत्येक नमुन्यात असावे त्याहून पुष्कळ अधिक शिसे येई. भांडी धुतली, आम्ले पुनःपुन्हा ऊर्ध्वपातित केली, अखेर बाहेरची हवा गाळून घेणारी खोली बांधली, तेव्हा त्याच्या ध्यानात आले की शिसे नमुन्यात नसून सर्वत्र आहे: धुळीत, नळाच्या पाण्यात, केसांत. ते मोटारीच्या पेट्रोलमधून आले होते. १९६५ साली त्याने हे जाहीरपणे लिहिले आणि शिशाच्या कारखानदारांचा रोष ओढवून घेतला. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले ते २००० साली. पुणे-नाशिक रस्ता नारायणगावावरून जातो. अशा रस्त्याच्या कडेची माती घ्यावयाची झाल्यास त्या काळची ही आठवण ठेवूनच घ्यावी लागते.

यंत्रांचा इतिहास लांबविण्याचे कारण नाही. बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी १८६० च्या सुमारास ज्योतीच्या रंगरेषांवरून मूलद्रव्ये ओळखली. १९५५ साली ऑस्ट्रेलियात अॅलन वॉल्श यांनी ज्योतीतून जाणारा प्रकाश किती शोषला जातो हे पाहून धातू मोजण्याची युक्ती काढली. आणि आज एकाच नमुन्यात पन्नास-साठ मूलद्रव्ये काही मिनिटांत मोजली जातात. यंत्र उत्तम झाले आहे. तरी ज्या खुरप्याने माती काढली ते गंजके असेल आणि जी बादली वापरली ती जस्ताचा मुलामा दिलेली असेल, तर ते उत्तम यंत्र आपल्याच बादलीची माहिती देईल.

महाराष्ट्रात या मोजणीचे प्रसंग आले नाहीत असे नाही. कल्याणजवळ आंबिवली-टिटवाळ्याकडे काळू नदी उल्हासला मिळते. तिच्या काठी रेयॉन आणि रसायनांचे कारखाने उभे राहिले. कॉस्टिक सोडा करण्याच्या जुन्या पद्धतीत पाऱ्याचे मोठे कुंड लागे आणि त्यातील पारा थोडाथोडा निसटत राही. मुंबईच्या विज्ञान संस्थेतील रसायनज्ञांनी काळूच्या पाण्यात आणि काठच्या वनस्पतींत पारा व शिसे मोजले. १९८२ साली दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने देशाच्या पर्यावरणाचा जो पहिला नागरिक अहवाल काढला, त्यात काळूची ही कथा सर्वांपुढे आली. ते गवत गुरे खात होती. पण तक्रार करणाऱ्या गावकऱ्याजवळ पाण्याच्या रंगाखेरीज पुरावा कोणता? कारखान्यापूर्वी त्या गाळात पारा किती, हे लिहून ठेवण्याची कोणास गरज वाटली नव्हती.

यावरून कोणी असा समज करून घेऊ नये की विष कारखान्यातूनच येते आणि ज्यांच्या गावी कारखाना नाही ते सुखात आहेत. जुन्नरच्या द्राक्षमळ्यांकडे पाहू. फ्रान्समध्ये बोर्दो प्रांतात १८८० नंतरच्या दशकात मिलार्दे यांनी मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण द्राक्षाच्या केवड्यावर गुणकारी ठरविले, आणि ते बोर्डो मिश्रण आज आपल्याकडे प्रत्येक बागाईतदारास ठाऊक आहे. शंभर लिटर पाण्यास एक किलो मोरचूद, एक किलो चुना. आता थोडे गणित करू. एक किलो मोरचुदात पाव किलो तांबे. एका हेक्टराची वरची वीतभर माती वजनाने सुमारे २० लाख किलो भरते; तेव्हा दोन किलो तांबे पडले की दहा लाखांत एक भाग वाढला. हेक्टरी हजार लिटर फवारा मारला तर दहा किलो मोरचूद, अडीच किलो तांबे, म्हणजे सव्वा भाग. एका फवारणीत हे नगण्य वाटते. पण पावसाळी ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या किती होतात, आणि बाग किती वर्षे टिकते? फ्रान्समध्ये शतकभर हेच चालले आणि काही जुन्या मळ्यांत तांबे पाचशे भागांपर्यंत गेले. आता युरोपात सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलोंपेक्षा अधिक तांबे घालण्यास बंदी आहे. आमची अडचण दुहेरी आहे. आमच्या जमिनीत कातळाचे तांबे आधीच पुष्कळ; वरून मोरचुदाचे पडते; आणि नुसता एकूण आकडा पाहून दोहोंची फारकत होत नाही.

फारकत करण्याचे उपाय आहेत, आणि ते गृहिणीच्या हिशेबाइतके सोपे आहेत. आमटी खारट लागली, तर ती आटल्यामुळे की कोणी दुसऱ्यांदा मीठ टाकल्यामुळे? आटली असेल तर मिठाबरोबर डाळही दाट झालेली असेल. मातीतली डाळ म्हणजे टायटॅनियमसारखी द्रव्ये, जी कातळातून येतात आणि माणूस सहसा घालीत नाही. तांब्याचे टायटॅनियमशी प्रमाण खालच्या थरात जेवढे, तेवढेच वर असेल, तर तांबे घरचे. वर अधिक असेल, तर पाहुणे. म्हणून खड्डा खणून एक वीत, दोन हात, आणि शक्य तर मुरमापर्यंतची माती वेगवेगळी घ्यावी लागते. काळ्या जमिनीत मात्र एक मेख आहे: ती उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची माती भेगांतून खोल पडते, तेव्हा खालचा थर अगदीच सोवळा राहत नाही. ज्या शेताला मांडव कधी लागला नाही अशा शेजारच्या पडीक बांधाचा नमुनाही हवा. ऑर्फिलाने कबरीशेजारची माती घेतली होती, तसाच हा.

शिवाय मातीत असणे आणि पिकात जाणे या दोन गोष्टी आहेत. आपली जमीन चुनखडीची आणि चिकणमातीची. कॅडमियम, शिसे यांना ती बरीच धरून ठेवते. जपानात जिन्झू नदीच्या काठी खाणीतून वाहून आलेल्या कॅडमियमने भातशेती नासली आणि भात खाणाऱ्या बायकांची हाडे ठिसूळ होऊन मोडू लागली. त्या वेदनांवरूनच रोगास इताई-इताई, म्हणजे आपल्याकडील ‘आई गं, आई गं’, असे नाव पडले. १९६८ साली सरकारने हे प्रदूषणाचे फळ असल्याचे मान्य केले आणि १९७० साली शेतजमिनीच्या प्रदूषणाचा कायदा केला. त्यात कॅडमियमची कसोटी मातीतील आकड्यावर न ठेवता तांदळातील आकड्यावर ठेवली, हे आम्हांस शहाणपणाचे वाटते. १९७९ साली सुरू झालेले त्या शेतांच्या दुरुस्तीचे काम २०१२ साली पुरे झाले. तेहतीस वर्षे.

आपल्याकडे २०१५ साली मृदा आरोग्य पत्रिका आली. तिच्यात बारा रकाने आहेत: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. पिकाला काय कमी पडते हे सांगण्यासाठी ती उत्तम आहे. शिसे, कॅडमियम, पारा, सोमल यांना तिच्यात जागा नाही. आणि तांब्याचा रकाना आहे तो पिकाला उपलब्ध होणाऱ्या तांब्याचा, तोही तुटवडा पाहण्यासाठी. २०२५ च्या जुलैत केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले, ते दूषित झाल्यानंतर काय करावयाचे यासंबंधी आहेत. दूषित होण्यापूर्वीची नोंद कोणी ठेवावयाची, हा प्रश्न तसाच आहे.

निमगाव सावासारख्या गावांना ही नोंद करण्याची संधी आहे, जी पिंपळे सौदागरला मिळाली नाही. त्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. मोजणी उद्या झाली तरी चालेल, पन्नास वर्षांनी झाली तरी चालेल. आज लागते ती माती. गावातल्या माध्यमिक शाळेने प्रत्येक शिवारातून एक बागाईत, एक जिराईत आणि एक पडीक असा नमुना घ्यावा. लोखंडी फावड्याने वरचा पालापाचोळा आणि खड्ड्याची बाजू मोकळी करावी, पण प्रत्यक्ष नमुना लाकडी वा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावा. पाच-सहा ठिकाणची माती एकत्र कालवून तिचे चार भाग करावे, समोरासमोरचे दोन ठेवावे, दोन टाकावे, आणि असे करीत अर्धा किलो उरवावी. सावलीत सुकवावी; रस्त्याची धूळ येईल अशा ओट्यावर नव्हे. काचेच्या बरणीत भरून झाकण लाखेने बंद करावे. बरणीवर गट क्रमांक, खोली आणि तारीख लिहावी, गेल्या दहा वर्षांत त्या शेतात काय काय फवारले तेही मालकास विचारून लिहावे, आणि त्याच मजकुराची एक चिठ्ठी बरणीच्या आतही टाकावी. बाहेरच्या चिठ्ठ्या झुरळे खातात.